ओल भिंतीला, चुना खिशाला

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात एकही भिंत ओली नाही त्यांनी सोडून दिली तरी चालेल. म्हणजे चिपळुणात जवळपास सगळ्यांनाच वाचावी लागणार.

मृग लागला की आपल्याकडे दोन गोष्टी रात्रीत उगवतात. एक टाकळा, आणि दुसरी विजेच्या खांबांवरची पत्रकं. 'गळती? ओल? लिकेज? एकच फोन. १० वर्षे गॅरंटी.' वर देवाचं नाव, खाली मोबाइल नंबर. पत्ता नाही, नोंदणी नाही, माणसाचं नाव नाही. टाकळ्याची निदान भाजी तरी होते.

माझा सरळ आरोप आहे. आपल्या गावात पाण्याने खराब झालेलं घर दुरुस्त करण्याचा धंदा जोरात आहे, पण त्यात पाणी शोधणारं जवळजवळ कुणी नाही. झाकणारे सगळे आहेत. आपण पैसे मोजतो ते झाकण्याचे. पाणी आत आपल्या जागी बसलेलं असतं आणि पुढच्या आषाढात दोन फूट डावीकडून पुन्हा हजेरी लावतं.

ही मंडळी काम कसं करतात ते बघा. फोन केला की कुणीतरी बाइकवर येतो. हेल्मेट काढायच्या आधी भिंतीवर हात फिरवतो, बोटाने एक पोपडा पाडतो आणि म्हणतो, "केमिकल मारायला लागेल." कसलं केमिकल? "इंपोर्टेड आहे, साहेब." पाणी कुठून येतंय? "ते सगळं बंद होतं त्याने." गच्चीवर जाऊन बघणार का? "गरज नाय." पाच मिनिटांत माणूस परत खाली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर कोटेशन: 'हॉल भिंत वॉटरप्रूफिंग, मटेरियल लेबर सह, ३८,०००. निम्मे ॲडव्हान्स.' झालं. किती चौरस फूट, कुठला थर, किती हात, जुनं प्लास्टर काढणार की तसंच ठेवणार, काही नाही. किराणा दुकानातली यादीसुद्धा यापेक्षा तपशिलात असते.

तुम्ही डॉक्टरकडे गेलात आणि त्याने दारातूनच तुमच्याकडे बघून ऑपरेशनचा आकडा सांगितला, तर तुम्ही तिथे थांबाल का? मग घराच्या बाबतीत का थांबता?

एक उदाहरण देतो, नावगाव न घेता, कारण ज्यांचं आहे त्यांना आता आणखी बोभाटा नको. निवृत्त शिक्षक, नवरा-बायको दोघंच, मुलगी बाहेरगावी. चार मजली इमारतीत वरचा फ्लॅट. हॉलच्या एका भिंतीला ओल. चार वर्षांत तीन वेगवेगळे 'स्पेशालिस्ट' आले. पहिल्याने आतून पुट्टी आणि रंग केला, १८ हजार. दुसऱ्याने तो रंग खरवडून केमिकलचे दोन हात दिले, ३२ हजार. तिसऱ्याने सांगितलं की आधीच्या दोघांनी वाट लावली, आता प्लास्टरच नवीन करावं लागेल. ४५ हजार. एकूण ९५ हजार रुपये, पेन्शनमधून. चौथ्या पावसाळ्यात ओल परत आली, या वेळी देवघराच्या बाजूने.

शेवटी बाजारपेठेतले एक वयस्कर प्लंबर आले, ते दुसऱ्याच कामाला आले होते. त्यांनी भिंत बघितली, मग भिंतीच्या पलीकडे काय आहे ते विचारलं. पलीकडे डक्ट होती. डक्टमधून गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप खाली येतो. त्याचा एक जोड फुटलेला होता आणि गच्चीवरचं निम्मं पाणी सरळ या भिंतीवर पडत होतं. जोड बदलायचा खर्च ११०० रुपये. ९५ हजार घेणाऱ्या तिघांपैकी एकानेही 'पलीकडे काय आहे' एवढा एक प्रश्न विचारला नव्हता.

आणि गॅरंटी? तिसऱ्याचा नंबर 'अस्तित्वात नाही'. दुसरा फोन उचलतो, म्हणतो, "तुम्ही मधे दुसऱ्याकडून काम करून घेतलंत, गॅरंटी संपली." पहिला आता सोलर लावतो.

आता जरा भिंतीच्या आत जाऊ, कारण हे समजलं नाही तर आपण फसतच राहू. पाणी बाहेरून आत येत असेल आणि तुम्ही आतल्या बाजूने कितीही भारी थर दिलात, तरी पाणी भिंतीत येतच राहतं. बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते. मग ते बाजूला सरकतं, वर चढतं किंवा त्या थरालाच आतून ढकलतं. पाण्याबरोबर विटेतले, वाळूतले क्षार येतात. पाणी वाळलं की क्षार पृष्ठभागाजवळ साठतात, फुगतात आणि रंगाला फोड आणतात. यालाच आपल्या आज्या 'भिंतीला लोणा लागलाय' म्हणायच्या. लोण्यावर पुट्टी लावणं म्हणजे गळवावर पावडर लावणं.

ओल एकाच प्रकारची नसते. जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा उठला असेल आणि तो वर्षभर राहत असेल, तर बहुधा जमिनीतलं पाणी भिंत चढतंय. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची, बाहेरची भेग, खिडकीवरचा छज्जा किंवा पाइप. ऊन असो पाऊस असो, सारखीच राहत असेल तर नळाची लाइन किंवा शेजारचं, वरचं बाथरूम. आणि कपाटामागे, कोपऱ्यात नुसती काळी बुरशी येत असेल तर कदाचित गळती नसेलच. बंद खोलीतली दमट हवा गार भिंतीवर बसत असेल. या चारांवर चार वेगळे इलाज आहेत. आपल्याकडे चारांना एकच: केमिकल.

शोधणं फार अवघड असतं असंही नाही. भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय, बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतून. बाथरूमचा संशय असेल तर मोरीत रंगीत पाणी सोडून खालच्या छताकडे लक्ष ठेवा. नळाच्या लाइनचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटर बघा, मीटर नसेल तर टाकीची पातळी खुणेने बघा. सकाळी पातळी उतरली असेल तर उत्तर मिळालं. गच्चीचं पाणी जायची तोंडं बंद करून दोन बोटं पाणी एक-दोन दिवस तुंबवून ठेवणं ही जुनी, खात्रीची परीक्षा आहे. मात्र स्लॅबच्या सळया बाहेर आलेल्या असतील तर हे करू नका, इंजिनिअरला विचारल्याशिवाय त्या स्लॅबवर पाण्याचं वजन टाकणं धोक्याचं आहे. ओल मोजायचं छोटं यंत्र दोन-चार हजारांत मिळतं. वर्षाला लाखोंची कामं घेणाऱ्या किती जणांकडे ते आहे? मी गेल्या महिन्यात सात जणांना विचारलं. एकाकडे होतं. बाकीच्यांपैकी दोघांनी हात दाखवला. "हा आमचा मीटर."

आता २०२१ कडे येतो, कारण या धंद्याचा खरा बाजार तेव्हा भरला.

२२ जुलैची पहाट. वाशिष्ठी आणि शिवनदी घरात. बाजारपेठ, चिंचनाका, खेंड, मुरादपूर, पेठमाप, तो दिवस मी कुणाला सांगायची गरज नाही. त्यानंतरचे दिवस मात्र आपण विसरलो. महाराष्ट्रभरातून पोरं आली, चिखल काढला, फरशा धुतल्या, त्यांचे उपकार मोठेच. सरकारने कुटुंबामागे १० हजार जाहीर केले. पण पंचनाम्यात प्रश्न एकच: घर पडलं का? पूर्ण की अंशतः? उभं आहे पण सात-आठ फुटांपर्यंत पाणी प्यायलेलं आहे, अशा घराचं नेमकं काय करायचं, याला त्या कागदावर धड रकानाच नव्हता.

आपली निम्मी जुनी घरं चिऱ्याची. जांभा दगड म्हणजे छिद्रांचा स्पंज. तो पाणी पटकन पितो आणि सोडतो सावकाश. श्रावणात तर सोडतच नाही, कारण बाहेरची हवाच ओली. अशी भिंत पूर्ण वाळायला महिने लागतात, कधी पुढचा उन्हाळा यावा लागतो. आणि त्या वर्षी गणपती होते १० सप्टेंबरला. पुरानंतर बरोबर ५० दिवसांनी. घरात गणपती बसायचा तर भिंती स्वच्छ हव्यात, ही भावना माझीही होती, तुमचीही होती. तिच्यावर बाजार उभा राहिला. कुठून कुठून ठेकेदार आले, ओल्या चिऱ्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलं, वर पुट्टी, वर चकचकीत रंग. आतलं पाणी आत बंद. पैसे रोख. दिवाळीला फोड, शिमग्याला पोपडे. तोवर ठेकेदार पुढच्या पुराच्या गावाला गेलेले.

त्या वेळी एका तरी माणसाने दारोदारी जाऊन सांगायला हवं होतं की बाबांनो, खालचं प्लास्टर तेवढं काढून ठेवा, खिडक्या उघड्या टाका, पंखे लावा, यंदा गणपतीच्या मागे चादर लावा आणि रंग मार्चमध्ये काढा. इतका साधा सल्ला. तो नगरपरिषदेने दिला नाही, तहसीलने दिला नाही, पॅकेजच्या बातम्या रोज छापणाऱ्या आम्हा पत्रकारांच्या वर्तमानपत्रांतही तो कुठे दिसला नाही. गाळ काढा म्हणून गावाने साखळी उपोषण केलं, आणि ते योग्यच होतं. पण नदीतल्या गाळाबद्दल जेवढं बोललो त्याच्या दहावा हिस्सा भिंतीतल्या पाण्याबद्दल बोललो नाही.

बरं, हे फक्त रंगाचे फोड असते तर मी एवढं लिहिलंही नसतं. फोड दिसतात, त्यांची लाज वाटते, एवढंच. खरा धोका न दिसणाऱ्या दोन जागी आहे.

पहिली जागा स्लॅब. पाणी झिरपून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. ते फुगतं आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं. तुमच्या स्वयंपाकघराच्या छताला लांब, सरळ रेषेत भेग दिसत असेल, गंजाचा तपकिरी डाग असेल, बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तो रंगाऱ्याचा विषय नाही. सैल काँक्रीट काढायचं, सळई घासून गंज साफ करायचा, तिच्यावर गंजरोधक लेप द्यायचा, सळई फार झिजली असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने जोड द्यायची, मग योग्य मसाल्याने भरायचं. आणि त्याआधी वरून येणारं पाणी थांबवायचं. आपल्याकडे काय होतं? सिमेंटचा गोळा वर थापतात, घोटून गुळगुळीत करतात, रंग लावतात. तो गोळा सळईला धरत नाही, कारण मधे गंज आहे. म्हणजे पैसे देऊन आपण आपल्याच डोक्यावर आणखी चार किलोचं वजन टांगून घेतो. खाली पाटावर नातवंडं जेवायला बसतात.

दुसरी जागा वीज. ओल्या भिंतीतून वायरिंग गेलेलं असतं. स्विचबोर्डभोवती ओल दिसली तर आधी मेन बंद, मग वायरमन, आणि सगळ्यात शेवटी रंगारी. इथे क्रम उलटा चालतो. यातली गंमत बघा. वायरिंगचं काम करणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, त्याच्यासाठी कायदा आहे, परीक्षा आहे. त्याच भिंतीत पाणी ठेवून जाणाऱ्याला काहीही लागत नाही. कालपर्यंत मोबाइलची कव्हरं विकणारा आज 'स्पेशालिस्ट'. कव्हरं विकण्यात काही वाईट नाही, पण त्याने निदान कव्हर फोनला बसतंय की नाही ते तपासलं असतं.

आता बिल्डर मंडळी. ही आपली पोस्ट वाचतात, मला माहीत आहे, लाइक करत नाहीत. रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष ग्राहकाने निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ताबा घेतलेल्या फ्लॅटची भिंत बांधकामातल्या खोटीमुळे गळत असेल, तर खांबावरच्या नंबरला फोन करायचाच नाही. बिल्डरला लेखी पत्र, पोचपावती, फोटो. पण किती जण करतात? बिल्डर म्हणतो, "अहो, कोकणात पाऊस आहे, थोडी ओल येणारच." वाहवा! पाऊस तर इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो हे घर बांधताना माहीत नव्हतं काय? माशाला पाणी नवीन आहे का?

५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर प्रकल्पाला रेराच्या नोंदणीतून सूट आहे. आपल्या गावात आठ फ्लॅटच्या इमारती इतक्या का आहेत, याचा विचार ज्याने त्याने करावा. तिथेही ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा असतो.

सोसायट्यांचं वेगळंच. गच्चीतून पाणी येतं, वरच्या मजल्यावरचा माणूस बोंबलतो, खालचे म्हणतात "आमच्याकडे कुठे गळतंय?" आदर्श उपविधी वाचा. गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि त्यामुळे वरच्या फ्लॅटचं खराब झालेलं छत ही सगळी सोसायटीची जबाबदारी आहे, एकट्या वरच्या माणसाची नाही. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या वर असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हेही त्यातच लिहिलेलं आहे. दर गणेशोत्सवाला डेकोरेशनसाठी वर्गणी निघते. ऑडिटला काढली की मीटिंगचा कोरम भरत नाही.

जाता जाता आपल्या गच्च्यांवरच्या पत्र्यांबद्दल. परशुरामच्या घाटातून खाली गावाकडे बघा, निळे-लाल पत्रेच पत्रे. आधी लाखो रुपये घालून स्लॅब टाकायची, मग ती गळते म्हणून तिच्यावर लाख-दोन लाखांचा पत्रा घालायचा. छपरावर छप्पर. लोकांनी या धंद्यावर टाकलेला हा अविश्वासाचा ठराव आहे आणि तो एकमताने मंजूर झालेला आहे. कौलारू घराची शाकारणी वैशाखात व्हायची, माणूस वर चढून एकेक कौल परतायचा, फुटकं बदलायचा, पाऊस पडायच्या आत. आता गच्चीच्या तोंडावरची जाळी साफ करायलासुद्धा आपण जुलै उजाडू देतो, मग छत्री धरून ठेकेदार शोधतो. भर पावसात, ओल्या पृष्ठभागावर केलेलं काम टिकत नाही हे त्यालाही ठाऊक असतं. तो नाही म्हणत नाही, कारण आपण घाईत असतो आणि ॲडव्हान्स हातात असतो.

यावर ठेकेदारांचं म्हणणं मी ऐकलं आहे, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. एक जण म्हणाला, "मी तपासणीचे हजार रुपये मागितले तर लोक दार लावतात. आणि समोरचा फुकट बघतो म्हणून ४० हजारांचं काम त्याला देतात." खरं आहे. आपल्याला निदान फुकट हवं असतं. फुकट बघायला येणारा माणूस पोट भरायला औषध विकणारच, आणि त्याच्याकडे एकच औषध आहे. इंजिनिअरची हजार-दोन हजारांची व्हिजिट आपल्याला महाग वाटते, तीनदा केलेला रंग वाटत नाही. शिवाय कामगार. बाहेरच्या भिंतीवर दोरीला लटकून काम करणारी पोरं बघितलीत? बेल्ट नाही, डोक्याला काही नाही, बहुतेक परराज्यातली. दर घासाघीस करून पाडला की तो पहिल्यांदा त्यांच्या दोरीतून कापला जातो.

चांगले कारागीरही आहेत गावात. काम हातात घ्यायच्या आधी दोनदा येऊन बघणारे, 'हे माझं काम नाही, प्लंबरला बोलवा' म्हणणारे. त्यांचे बोर्ड खांबावर नसतात. म्हणूनच ते तुम्हाला सापडत नाहीत.

आता बिलाची फसवणूक, जी सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. "बिल हवं असेल तर १८ टक्के जादा पडेल." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस दाखवा. सरळ हिशेब ऐका. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसेल तर तो जीएसटी घेऊच शकत नाही, पण साधं बिल मात्र देऊ शकतो, आणि द्यायलाच हवं. आणि उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर तुम्ही बिल मागा न मागा, कर भरणं त्याच्यावर बंधनकारकच आहे. म्हणजे दोन्हीकडून 'बिल हवं असेल तर' हा प्रश्नच खोटा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. तुम्ही १८ टक्के वाचवत नाही, तुम्ही तुमचा एकमेव पुरावा विकताय.

बिल आणि लेखी काम हातात असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, तेवढी लक्षात ठेवा. १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोलता येतं. शिक्षक दांपत्याने हे का केलं नाही? कारण ९५ हजारांपैकी एका रुपयाचाही कागद त्यांच्याकडे नाही. आयुष्यभर मुलांना 'लिहून काढा' सांगणारा माणूस.

विम्याबद्दलही दोन ओळी. 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची घरविमा पॉलिसी एप्रिल २०२१ पासून आहे, पूर आणि पाइप फुटून झालेलं नुकसान तिच्यात येतं, हळूहळू झिरपलेली जुनी ओल येत नाही. कुठलाही दावा करायचा असेल तर चिखल धुवायच्या आधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेषा टेपने मोजून फोटो काढा. धुतलेल्या घराचा पुरावा धुतला जातो.

तर माझी मागणी काय? नगरपरिषदेकडे पहिली. घरपट्टीच्या खिडकीशेजारी एक नोंदवही ठेवा. घरातल्या गळती-ओलीची कामं घेणाऱ्या प्रत्येकाने नाव, पत्ता, आधीच्या पाच कामांचे पत्ते तिथे नोंदवावेत. नोंद ऐच्छिक असली तरी चालेल, पण यादी भिंतीवर लावा आणि तक्रार आली तर नावापुढे लिहा. याला निधी लागत नाही, ठराव लागतो. दुसरं, एक पानाचा साधा मराठी नमुना छापा: पाणी कुठून येतंय याचं लेखी निदान, काय काढणार, काय लावणार, किती थर, किती दिवस वाळू देणार, गॅरंटीत काय येतं आणि काय नाही, पैसे कुठल्या टप्प्यावर किती. शेवटचा हप्ता एक मोठा पाऊस पडून गेल्यावर. जो या कागदावर सही करायला तयार नाही त्याला चहा द्या आणि पाठवा. तिसरं, खांबांवरची पत्रकं. शहर विद्रूप करणाऱ्या पत्रकांवर कारवाईचा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. नंबर तर छापलेलाच आहे, शोधायचीही गरज नाही. निवडणुकीतले बॅनर काढायला हात थरथरतात हे समजू शकतो, पण यांना कुणाचा आशीर्वाद आहे?

आणि पुढचा पूर येईल तेव्हा, येणार नाही असं म्हणण्याइतका भाबडा मी नाही, मदत वाटपाच्या रांगेत तांदळाच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी द्या: भिंत वाळेपर्यंत प्लास्टर करू नका. मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका. एवढी दोन वाक्यं.

हे निवेदन मी सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडे देतोय. सोबत तुमची कोटेशनं जोडायची आहेत. ज्यांच्याकडे अशी एका ओळीची कोटेशनं, गॅरंटी कार्डं, बंद पडलेले नंबर असतील त्यांनी इनबॉक्सला फोटो पाठवा. तुमचं नाव मी झाकीन. रक्कम आणि वर्ष मात्र स्पष्ट दिसू द्या. शनिवार संध्याकाळपर्यंत आलेली सगळी जोडतो, नंतरची पुढच्या वेळी.